जास्तीची खुंटी

सुरतेच्या गोडादऱ्यात वाल्मिकला ओळखत नाही असा माणूस शोधावा लागला असता. लूम खात्यातले, म्हणजे यंत्रमागावरचे कामगार त्याला वाल्मिकदादा म्हणत, मार्केटातले गुजराती व्यापारी वाल्मिकभाई म्हणत, आणि दोघंही आपापलं बंद पडलेलं कॉम्प्युटरचं मशीन काखेत मारून त्याच्याच दुकानात येत. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून तो विशीत सुरतेला आला आणि मामाच्या ओळखीने लूमवर लागला. लूमच्या मोटारी दुरुस्त करता करता तो टीव्हीकडे वळला, टीव्हीकडून कॉम्प्युटरकडे. कुठल्या क्लासला गेला नाही. उघडून बघायचं, बिघडवायचं, पुन्हा लावायचं, असं करत तो शिकला.

त्याची कामाची एक रीत होती. मशीन आलं की तो लगेच पेचकस उचलत नसे. आधी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचा आणि कधी बंद पडलं, पडण्याआधी काय केलं होतं, आवाज आला का, वास आला का, हे सगळं विचारून घ्यायचा. मग एकेक भाग तपासून बाजूला काढायचा. रॅम चांगली आहे, ती गेली बाजूला. पॉवर सप्लाय चांगला आहे, तोही गेला. असं करत जे उरेल तिथे दोष. भटू नावाचा त्याच्याच गावाकडचा एक जण त्याच्या हाताखाली काम शिकला आणि पुढे भेस्तानला स्वतःचं दुकान टाकून बसला. त्याला वाल्मिक सांगायचा की दोष शोधणं म्हणजे दुसरं काही नसतं, कुठे दोष नाही ते लक्षात ठेवायचं असतं.

सोनाली त्याची एकुलती मुलगी. ती साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करायची. रिंगरोडवरच्या एका मार्केटात, वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओत तिने काही वर्षं नोकरी केली. तिथे तिची डिझाइनं शेठच्या नावाने जायची, आणि एकदा तिने काढलेली मोराची बॉर्डर दुसऱ्याच कोणाच्या कॅटलॉगमध्ये बघितल्यावर तिचं मन तिथून उडालं. मगनभाई म्हणून एक व्यापारी होते, त्यांचा माल पलसाण्याच्या एका मिलमध्ये छापला जायचा. त्यांनी तिला घरून काम द्यायची तयारी दाखवली. अडचण एवढीच होती की प्रिंटच्या फायली फार जड असतात आणि घरातलं जुनं मशीन त्या उघडता उघडता थांबून जायचं. तयार मशीन विकत घेऊ का, असं तिने जेवताना विचारलं, तेव्हा वाल्मिकने हातातला घास ताटात ठेवला.

“मनी पोरनं मशीन बाहेरथीन येई का?” एवढंच तो म्हणाला.

पुढचे बरेच दिवस तो त्याच नादात होता. दुकानात गिऱ्हाईक नसलं की कुठला मदरबोर्ड घ्यावा, कुठलं ग्राफिक कार्ड रंग नीट दाखवेल, याची चौकशी करत फोनवर बसायचा. सामान आल्यावर एका रविवारी त्याने घरातच मशीन जोडायला घेतलं. पुढच्या खोलीत चादर अंथरली. उषाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगितलं की आज इथे झाडू मारायचा नाही आणि धूळ उडवायची नाही. कुठलाही भाग हातात घेण्याआधी तो खिडकीच्या गजाला हात लावायचा, अंगातली वीज उतरावी म्हणून. सोनाली त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती. प्रत्येक भाग काय करतो ते तो तिला सांगत होता, आणि तिला ते आधीच माहीत असूनही ती ऐकत होती. मधेच एकदा तो थांबला. हातात छोटे स्क्रू होते, आणि तो उघड्या कॅबिनेटकडे बराच वेळ नुसता बघत राहिला. चहा हवा असेल असं समजून उषाबाई आत गेली.

संध्याकाळी मशीन उभं राहिलं. उषाबाईने कॅबिनेटला हळदीकुंकू लावलं. वाल्मिकने सोनालीला बटण दाबायला सांगितलं. पंखे फिरले, पडदा उजळला. त्याने मागे टेकून दोन्ही हातांनी आपला चेहरा पुसला, जसा तो दुकानात अवघड काम झाल्यावर पुसायचा.

पहिले काही आठवडे सगळं नीट चाललं. सोनालीने मगनभाईंना पहिली डिझाइनं पाठवली, ती त्यांना आवडली. लगीनसराईच्या साड्यांचं मोठं काम त्यांनी तिला दिलं. आणि मग एका सकाळी तिने बटण दाबलं, पंखा एकदा हलला, दिवा लुकलुकला आणि सगळं थंड झालं. तिने पुन्हा दाबलं. तेच झालं. चार-पाच वेळा दाबल्यावर मशीन चालू झालं आणि दिवसभर काही तक्रार न करता चाललं.

वाल्मिक दुकानातून आल्यावर तिने सांगितलं. त्याने बटण दाबून पाहिलं, तर पहिल्याच फटक्यात चालू. मशीन तुला घाबरत नसेल, मला घाबरतं, असं म्हणून तो हसला. पण दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोरही तेच झालं.

त्याला ते फार लागलं. गिऱ्हाइकाचं मशीन असतं तर तो म्हणाला असता, ठेवून जा, बघतो. इथे मुलीचं काम अडत होतं आणि मशीन त्याच्या हातचं होतं. त्याने रॅम काढून पुसून लावली. पॉवर सप्लाय बदलून दुकानातला लावला, आणि तरीही तेच झाल्यावर पुन्हा पहिलाच लावला. कॅबिनेटच्या बटणात दोष असेल म्हणून बटणाची वायर काढून पेचकसाच्या टोकाने बोर्ड चालू करून बघितला. घराच्या वीजजोडणीवर त्याचा संशय गेला, तेव्हा अर्थिंगही तपासून झालं. मधे मधे मशीन सलग दोन-तीन दिवस चांगलं चालायचं, आणि घरातल्या सगळ्यांना वाटायचं की गेलं एकदाचं. मग एखाद्या सकाळी पुन्हा पंखा एकदा हलायचा आणि थांबायचा.

सोनालीने रात्री मशीन बंदच न करण्याचा मार्ग काढला. पण लाइट जायची, आणि लाइट आल्यावर चालू होईल की नाही याचा भरवसा नसायचा. मगनभाईंना एक काम वेळेवर गेलं नाही. त्यांनी गुजरातीत गोड बोलून सांगितलं की बेन, मिलमधली छापायची मशीन उभी आहे, ती थांबत नाही. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ते गोड बोलले नाहीत.

आता वाल्मिक दुकान दुपारनंतर उघडू लागला. सकाळ सगळी मशीनपुढे जायची. सोनालीच्या लक्षात आलं की आज त्याने जी रॅम काढून पुसली तीच त्याने परवाही पुसली होती. एखादा भाग पुन्हा बघावासा वाटतो, असं तिने स्वतःला समजावलं. सामान देणाऱ्या व्यापाऱ्याशी तो फोनवर भांडला, तेव्हा मात्र तिला नवल वाटलं. त्याला भांडताना तिने कधी ऐकलं नव्हतं. तू मला पॉवर सप्लाय खराब दिला, मी बदलून बघितलाच नाही म्हणतोस काय, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सप्लाय बदलूनही मशीन तसंच बंद पडलं होतं, हे तिने बघितलं होतं. पलीकडचा माणूस काय म्हणत होता ते तिला ऐकू येत नव्हतं.

एका सकाळी ती भाजी घेऊन आली तर वाल्मिकने मदरबोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर काढला होता. ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून बोर्ड आला, त्याच खोक्यावर तो ठेवला होता आणि वायरी लावून चालू केला होता. पडदा लखलखीत उजळला होता. त्याने बंद केला, पुन्हा चालू केला. पुन्हा उजळला. तो तसं कितीतरी वेळा करत राहिला आणि एकदाही चूक झाली नाही.

“देख,” तो म्हणाला. त्याचे डोळे खूप दिवसांनी हसत होते. “बोर्ड चांगला शे. सप्लाय चांगला शे. दोष कॅबिनेटमा शे.”

सोनालीला इतकं बरं वाटलं की ती भाजीची पिशवी हातात घेऊनच तिथे बसली. आता फक्त कॅबिनेट बघायचं राहिलं होतं. उषाबाईने हाक मारली, तो हात धुवायला गेला, चहा प्यायला, बाहेर कोणाशी तरी दोन शब्द बोलून आला. मग त्याने बोर्ड उचलला, जपून कॅबिनेटमध्ये पुन्हा बसवला, स्क्रू पिळले आणि झाकण लावलं. सोनालीला वाटलं, त्याने बघितलं असेल जे बघायचं ते. मशीन चालू झालं. तिने दिवसभर काम केलं.

दुसऱ्या सकाळी ते चालू झालं नाही. वाल्मिक चटईवर येऊन बसला, हनुवटीला हात लावून त्याने थोडा विचार केला, आणि म्हणाला की आज एक वेगळी गोष्ट करून बघू. बोर्ड बाहेर काढून खोक्यावर चालवून बघू, म्हणजे दोष आत आहे की बाहेर ते कळेल.

सोनाली हसली. तिला वाटलं तो गंमत करतोय. पण तो पेचकस घेऊन झाकणाचे स्क्रू काढायला लागला होता.

“पप्पा, काल हेच केलं ना तुम्ही,” ती म्हणाली.

काल नाही केलं, असं तो म्हणाला. काल आपण बटण बघितलं. तिने त्याला खोकं दाखवलं, कालच्या भाजीच्या पिशवीची आठवण दिली, तो काय बोलला होता ते त्याच्याच शब्दांत सांगितलं. वाल्मिकचा चेहरा लाल झाला. त्याने पेचकस फरशीवर आपटला, आणि मला माझं काम शिकवू नको, असं इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारची बाई दारात येऊन गेली. मग तो चपला घालून निघून गेला. दुपारी जेवायला आला नाही.

सोनाली स्वयंपाकघरात गेली. उषाबाई कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होती. काय झालं हे तिने विचारलं नाही, तिने सगळं ऐकलंच होतं. हात न थांबवता ती खाली बघत बोलत राहिली. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी पलसाण्याच्या एका मिलमधून वाल्मिकला बोलावणं आलं होतं, तिथलं मशीन बघायला. तो सकाळी गेला आणि संध्याकाळी परत आला. मिलमधून मात्र दुपारी फोन आला की तुमचा माणूस आलाच नाही. तो हायवेवरच्या एका चहाच्या टपरीवर दिवसभर बसून होता, कुठे जायचं आहे ते त्याला आठवेना, आणि कोणाला विचारायची लाज वाटली. हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. त्याला रिक्षात बसवून देणारा टपरीवाला ओळखीचा निघाला, त्याच्याकडून तिला कळलं. तेव्हापासून ती त्याच्या खिशात घराचा पत्ता ठेवत होती आणि तो कपडे धुवायला टाकायचा तेव्हा गुपचूप काढून दुसऱ्या खिशात घालत होती.

“माले माहीत शे, पोरी,” ती म्हणाली. “पन तुना पप्पाले सांगू नको माले माहीत शे म्हनून. त्याले सहन व्हवाव नही.”

दोन दिवसांनी लिंबायतला नात्यातलं साखरपुड्याचं जेवण होतं. उषाबाई वाल्मिकला घेऊन तिकडे गेली आणि सोनाली मशीन रिक्षात घालून भेस्तानला भटूकडे गेली. तिने त्याला सगळं सांगितलं नाही. मशीन कधी चालू होतं, कधी होत नाही, आणि खोक्यावर ठेवलं की दर वेळी चालू होतं, एवढंच सांगितलं. तिचं शेवटचं वाक्य ऐकून भटूने तिच्याकडे बघितलं. खोक्यावर चालतं हे माहीत असून दादांनी कॅबिनेट बघितलं नाही, असं कसं होईल, असं तो म्हणाला. तिने मशीन त्याच्याकडे सरकवलं.

भटूने बोर्डाचे स्क्रू काढले आणि बोर्ड वर उचलला. खालच्या पत्र्यावर छोट्या पितळी खुंट्या असतात. बोर्ड त्यांच्यावर टेकतो, म्हणजे तो पत्र्याला लागत नाही. कॅबिनेटमध्ये लहानमोठ्या सगळ्या बोर्डांसाठी भोकं पाडलेली असतात, पण आपल्या बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच खुंटी लावायची असते. इथे एक खुंटी जास्तीची होती. तिच्यावर बोर्डाला भोकच नव्हतं. ती बोर्डाच्या पाठीवरच्या झाळ देऊन जोडलेल्या टोकांना खालून टेकत होती. मशीन जरा सरकलं, तापलं, निवलं की कधी टेकायची, कधी सुटायची. टेकली की वीज चुकीच्या वाटेने जायची आणि सप्लाय स्वतःला बंद करून घ्यायचा. बोर्डाच्या पाठीवर तिथे एक काळा ठिपका पडला होता.

भटू त्या खुंटीकडे बघत बसला. कामावर लागला त्या पहिल्याच दिवशी त्याने बोर्ड तसाच कॅबिनेटमध्ये ठेवायला घेतला होता, तेव्हा वाल्मिकने त्याचा हात धरला होता. बोर्ड आधी वरच्या वर धरायचा, एकेका भोकातून खाली खुंटी दिसते का बघायचं, आणि जास्तीची असेल ती काढून टाकायची. नवशिके मशीन मारतात ते इथेच, असं तो म्हणाला होता.

“हे कोणी जोडलं?” भटूने विचारलं.

“पप्पांनी.”

त्याने मान हलवली. चिमट्याने खुंटी सोडवली, बोर्ड बसवला, मशीन चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. मग दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन तोंडावर पाणी मारून आला. सोनाली निघाली तेव्हा त्याने तिला सांगितलं की दादांना सांग, सप्लाय खराब होता, भटूने बदलून दिला.

तिने तसंच सांगितलं. वाल्मिकने ऐकून घेतलं. भटूकडे का गेलीस असंही विचारलं नाही. फक्त जुना सप्लाय कुठे आहे, असं त्याने विचारलं. भटूकडेच राहिला, असं ती म्हणाली. बरं झालं, असं म्हणून तो खिडकीपाशी जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आली तेव्हा मशीन चादरीवर आडवं होतं आणि झाकण काढलेलं होतं. सप्लायवर वाल्मिकच्या दुकानाचं स्टिकर तसंच होतं, त्याने स्वतः चिकटवलेलं. सप्लाय बदललाच नव्हता, हे त्याला झाकण काढताच दिसलं असणार. त्याने बोर्डही बाहेर काढला होता. कॅबिनेटच्या पत्र्यावर एका मोकळ्या भोकाभोवती खुंटी पिळल्याची ताजी घासलेली खूण होती. तिच्यावर त्याचं बोट होतं.

“अठे व्हती?” त्याने विचारलं.

सोनाली कपडे घेऊन तशीच उभी राहिली. तिला खोटं बोलता आलं नाही. तिने मान हलवली.

“भटूनी काढी?”

“हो.”

“काय बोलना तो?”

“काही नाही बोलले.”

त्याने बोर्ड उलटा केला, पाठीवरचा काळा ठिपका बघितला, आणि बोर्ड पुठ्ठ्यावर इतक्या हळू ठेवला जसं झोपलेलं मूल ठेवतात. बाहेर भंगारवाल्याची हाक आली आणि लांब गेली.

“सोनाली,” तो म्हणाला, “तू त्या दिन बोलनी, काल हाईच करं म्हनून. तू खोटं बोलस नही, ते माले समजस. पन माले आठवत नही, पोरी. मी लई आठवी देखं. तठे काहीच नही.”

तिने कपडे खाली टाकले आणि त्याच्याजवळ बसली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. दुकानातही असंच होतं, हे त्याने तिला सांगितलं. मशीन उघडतो आणि कोणाचं आहे ते आठवत नाही. काय काढून झालं आणि काय राहिलं ते आठवत नाही, म्हणून पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि मधे पोहोचलो की पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक कमी झालं ते घरी सांगतो तसं पावसाने नाही. मग त्याने तिचा हात धरला.

“तुनी मायले सांगू नको. तिले सहन व्हवाव नही.”

तेच शब्द तिने काही दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात ऐकले होते. इतके महिने ती दोघं एका घरात, एका ताटात जेवत, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि दोघांनीही ती आता तिच्या ओंजळीत आणून ठेवली होती. सोनालीला वाटलं, आपणही लपवलं तर हे घर असंच आतल्या आत मरून जाईल. तिने दाराकडे तोंड करून हाक मारली.

“आई, इकडे ये.”

वाल्मिकने तिचा हात सोडला नाही, पण तो घाबरला हे तिला हातातून कळलं. उषाबाई पदराला हात पुसत आली. उघडं कॅबिनेट, नवऱ्याचा चेहरा, मुलीचे डोळे, एवढं बघून ती काही न विचारता खाली बसली. सोनालीने सांगायला तोंड उघडलं, तर उषाबाईनेच नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पलसाण्याच्या हायवेवरच्या टपरीचं नाव घेतलं. वाल्मिकने तिच्याकडे बघितलं. एवढे दिवस तुला ठाऊक होतं, असं तो म्हणाला, आणि मग तो रडला. सोनालीने बापाला रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. तो आवाज न करता रडत होता आणि उषाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, जेवण काय करू, आज भरीत करू का, असं काहीबाही विचारत.

मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा तो डॉक्टरांशी छान बोलला. त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पंखा आवाज करत होता, तो का करतो आणि काय करावं लागेल, हे त्याने हिंदीत इतकं नीट समजावलं की डॉक्टर हसले. मग त्यांनी विचारलं की आज सकाळी काय खाल्लं. वाल्मिकने उषाबाईकडे बघितलं. डॉक्टरांनी तिला बोलू नका अशी खूण केली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

डोक्याची चित्रं काढून झाली, औषधं सुरू झाली. हा आजार मागे फिरत नाही, औषधाने त्याची चाल थोडी मंदावेल, असं डॉक्टरांनी सोनालीला बाजूला घेऊन सांगितलं. वय लहान आहे, म्हणून जपा, असंही म्हणाले. छप्पन्न वर्षं हे लहान वय आहे, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

गोडादऱ्याचं दुकान भटूने चालवायला घेतलं. पाटी वाल्मिकच्याच नावाची ठेवली, आणि वाल्मिकची खुर्चीही. रोज सकाळी उषाबाई त्याला दुकानात सोडायची. भटू त्याला रॅम पुसायला द्यायचा, खोडरबरने तिचे सोनेरी दात घासायचे असतात. वाल्मिक एकच रॅम अख्खी सकाळ घासत बसायचा आणि भटू दर वेळी ती हातात घेऊन, चांगली झाली दादा, असं म्हणायचा. एकदा भटू बाहेर गेला असताना वाल्मिकने गिऱ्हाइकाचं चांगलं चालणारं मशीन उघडून त्याचे सगळे भाग वेगळे केले. ते गिऱ्हाईक तोंडाला येईल ते बोललं. भटूने आल्यावर त्याला एवढंच सांगितलं की चूक माझी आहे, उद्या घेऊन जा. पण नंतर एका दुपारी वाल्मिक खुर्चीवरून उठून चालत सुटला आणि भेस्तान स्टेशनाजवळ सापडला, अनवाणी. त्यानंतर त्याचं दुकानात जाणं थांबलं.

आता तो घरीच असतो. सोनाली काम करते त्या खोलीत तिच्या मागे खाटेवर बसतो. मगनभाईंचं काम पुन्हा सुरू झालं आहे. त्यांना जेव्हा हकीकत कळली तेव्हा ते स्वतः घरी येऊन वाल्मिकजवळ बसून गेले. वाल्मिकने त्यांना ओळखलं नाही, पण तुमचं मशीन उद्या मिळेल, असं सांगितलं.

सोनालीचं मशीन त्या दिवसापासून एकदाही अडलेलं नाही. तरी दिवसातून केव्हातरी वाल्मिक विचारतो, चालू व्हस का? सुरुवातीला ती म्हणायची, चालूच आहे पप्पा, बघा ना. तेवढ्याने त्याचं समाधान व्हायचं नाही. तो उठून कॅबिनेटला हात लावायचा, मागच्या वायरी चाचपायचा, अस्वस्थ व्हायचा. मग तिने दुसरं करायला सुरुवात केली. त्याने विचारलं की ती हातातलं डिझाइन सेव्ह करते, मशीन बंद करते, आणि त्याला जवळ बोलावून बटण त्याला दाबायला देते. पंखे फिरतात, पडदा उजळतो. तो मागे टेकतो. काही वेळ घरात शांतता असते. कधी तासाभरात तो पुन्हा विचारतो, आणि ती पुन्हा सेव्ह करते.

परवा असंच झालं. पडदा उजळला, तिने फाइल उघडली आणि तिची केळीच्या पानांची बॉर्डर वर आली. वाल्मिक कॅबिनेटच्या आत, एका बाजूच्या काचेतून दिसणाऱ्या वायरींकडे बघत होता. वायरी एकीला एक लावून सरळ बांधलेल्या होत्या.

“कोनी बनाडं हाई?” त्याने विचारलं.

मागे एकदा त्याने हेच विचारलं होतं, तेव्हा सोनालीने सांगितलं होतं की तुम्हीच बनवलं, पप्पा. तो एकदम घाबरला होता. आपले हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत राहिला होता, आणि सबंध दिवस जेवला नव्हता. म्हणून या वेळी ती म्हणाली की होते एक जण, ओळखीचे.

“त्याना हात चांगला शे,” वाल्मिक म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “फार चांगला आहे.”

उषाबाई दारात त्याचं ताट घेऊन उभी होती. ती तशीच आत परत गेली. ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला आणि नंतर बराच वेळ नळाच्या पाण्याचा. वाल्मिकने भूक लागल्याचं सांगितलं, तेव्हा सोनाली उठली आणि आईकडे गेली.